पाण्याची ट्यूब

मॉलिक्युलर बायॉलॉजीतला माणूस संशोधनातून कंपनीत गेला आणि पुढे शिकवायला लागला, तरी हातातलं तंत्र फारसं बदलत नाही. पीसीआर (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती करायचं तंत्र) तिन्हीकडे पीसीआरच असतो. बदलावी लागते ती नजर, आणि हा बदल सगळ्यात स्पष्ट दिसतो एका ट्यूबमध्ये: टेम्प्लेटऐवजी, म्हणजे नमुन्याच्या डीएनएऐवजी, नुसतं पाणी घातलेली निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे एनटीसी (नो-टेम्प्लेट कंट्रोल). या ट्यूबशी कोण कसा वागतो यावरून त्याचं काम कळतं, असं माझं मत आहे.

संशोधनातली नेहमीची रिअॅक्शन २५ मायक्रोलिटरची. दहापट तीव्र बफर २.५ मायक्रोलिटर, मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, चारही डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, प्रायमर (कुठून कॉपी करायची ते ठरवणारे डीएनएचे आखूड तुकडे) प्रत्येकी ०.४ मायक्रोमोलर, टॅक (प्रती बनवणारं एन्झाइम) साधारण एक युनिट, जीनोमिक डीएनए १० ते १०० नॅनोग्रॅम. टॅक ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं. ते टिपला बाहेरून चिकटतं, आणि ०.२ मायक्रोलिटर घेताना नकळत दुप्पट जातं. म्हणून दहा रिअॅक्शन असतील तर अकराचं मास्टर मिक्स (सगळ्या ट्यूबसाठी एकत्र मिश्रण) करावं, टिपचं फक्त टोक बुडवावं आणि सावकाश ओढावं. एनटीसीमध्ये पाणी सगळे नमुने भरून झाल्यावर घालावं, तोवर तिचं झाकण उघडं ठेवावं. भरताना जे काही उडालं असेल ते तिच्यातही पडलेलं असेल. पॉझिटिव्ह कंट्रोल (हवा तो तुकडा नक्की असलेला डीएनए) तिचं झाकण लागल्यावरच उघडायचा.

इतकी काळजी कशासाठी, ते आकड्यांत बघा. संपलेल्या रिअॅक्शनमध्ये उत्पादनाच्या १०^१२ प्रती सहज असतात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ४×१०^१०. झाकण उघडताना एक पिकोलिटरचा थेंब उडाला, तरी त्यात ४०,००० प्रती असतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पुढच्या रिअॅक्शनला पुरून उरतो. म्हणूनच मिक्स बनवायची खोली आणि जेल (तुकडे आकारानुसार पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, वेगळे करणारा थर) चालवायची खोली वेगळी, पिपेट वेगळे, कोट वेगळा, आणि माणसाची ये-जा एकाच दिशेने. टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसून भागत नाही, त्याने डीएनए तुटत नाही. पातळ केलेलं ब्लीच ताजं बनवून वापरावं, दहा मिनिटं राहू द्यावं, मग पाण्याने पुसावं.

तरीही पाण्यात बँड आलाच, तर आधी आकार बघा. १०० बेसपेअरच्या खाली धूसर पट्टा असेल तर तो बहुधा प्रायमर डायमर, म्हणजे प्रायमरच एकमेकांना चिकटून बनलेला तुकडा. नमुन्याइतकाच बँड असेल तर आठ एनटीसी एकदम लावा. आठही उजळल्या तर दोष एखाद्या रिएजंटमध्ये आहे, बहुतेक वेळा पाण्यात किंवा प्रायमरमध्ये. दोन-तीनच उजळल्या तर हवेतून किंवा हातून काहीतरी पडतंय, किंवा रिएजंटमध्ये अगदी मोजक्या प्रती आहेत. जिवाणूंचा १६एस जीन (सगळ्या जिवाणूंत असणारा) वाढवत असाल तर आणखी एक सापळा आहे: रिकॉम्बिनंट टॅक ई. कोलायमध्येच बनवलेलं असतं आणि त्याच्यासोबत त्या जिवाणूचा डीएनए अंशाने येतो. बाकी सगळं स्वच्छ असूनही पाण्यात बँड येतो, कारण तो एन्झाइमच्या बाटलीतूनच आलेला असतो.

संशोधनात अशा वेळी अॅलिकोट (रिएजंटचा छोटा वाटा) फेकून दुसऱ्या दिवशी नव्याने लावलं तरी चालून जातं. निदानाचं किट बनवणाऱ्या कंपनीत नेमकं हेच करायचं नसतं, आणि संशोधनातून आलेल्या माणसाला हे पचायला सगळ्यात जड जातं. तिथे स्वीकृतीचे निकष प्रयोगाआधी लिहून सही झालेले असतात. एनटीसीमध्ये ४० सायकलपर्यंत (एक सायकल म्हणजे प्रती दुप्पट व्हायची एक फेरी) सिग्नल नको असं लिहिलं असेल आणि ३८ला आला, तर तो लॉट थांबतो आणि चौकशी सुरू होते: कोणता लॉट, कोणता पिपेट, कोणाचा हात. पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा लावणं हा दोष मानला जातो. चुकलेला आकडा एका रेघेने खोडून शेजारी बरोबर आकडा, कारण, तारीख आणि सही. व्हाइटनर चालत नाही.

कंपनीत हिशेबही वेगळा असतो. संशोधक म्हणतो, 'बँड दिसला.' इथे विचारतात, 'किती वेळा दिसतो?' रिअॅक्शनमध्ये सरासरी तीन प्रती टाकल्या, तर पॉइसाँच्या संभाव्यतेच्या नियमाने शंभरातल्या साधारण पाच ट्यूबमध्ये एकही प्रत पडत नाही. म्हणून ९५ टक्के खात्रीने ओळखण्याची किमान मर्यादा तीन प्रतींच्या खाली नेता येत नाही, किट कितीही चांगलं असो. नमुना दर पायरीला दहापट पातळ करून, सिग्नल कितव्या सायकलला येतो याची जी रेषा काढतात, तिचा उतार -३.३२ आला तर प्रत्येक सायकलला नेमकं दुप्पट होतंय. -३.१ ते -३.६ साधारणपणे चालतं. उतार -२.९ आला तर खूश होऊ नका: बहुधा दाट नमुन्यांत एखादा इनहिबिटर (रिअॅक्शन रोखणारा पदार्थ) बसलाय. आधीच्या पीसीआरमधून आलेल्या प्रतींचा धोका कमी करायला मिक्समध्ये डीटीटीपीऐवजी (चार डीएनटीपींपैकी एक) युरेसिल असलेलं डीयूटीपी घालतात आणि सुरुवातीला ५० अंशांवर दोन मिनिटं यूएनजी हे एन्झाइम चालवतात. ते युरेसिल असलेल्या जुन्या प्रतींना निकामी करतं. पूर्वी डीटीटीपीने बनलेल्या प्रती मात्र तशाच राहतात.

वर्गात पैसे वाचवायला सगळ्यात आधी हीच ट्यूब गाळली जाते. ती प्रत्येक गटाला मिळायलाच हवी. माणसाच्या जीनोममधल्या पीव्ही९२ या जागेवरचा अॅलू (काहींत असलेला, काहींत नसलेला डीएनएचा जादा तुकडा) हा चांगला प्रयोग आहे: अॅलू असेल तर ९४१ बेसपेअर, नसेल तर ६४१, दीड टक्का अॅगरोजवर सहज वेगळे होतात, आणि या जागेचा कुठल्या आजाराशी संबंध नाही. तोंड मिठाच्या पाण्याने खळाळून पेशी घ्यायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या, चेलेक्समध्ये (धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या मण्यांत) १०० अंशांवर दहा मिनिटं उकळायच्या, पुन्हा फिरवून वरचं द्रव घ्यायचं. इथेच निम्मे गट चुकतात. चेलेक्सचे दोन-चार मणी टिपमधून आले की ते मॅग्नेशियम धरून ठेवतात, टॅक थांबतं आणि लेन कोरी राहते. टिप नेहमी द्रवाच्या पृष्ठभागाजवळ ठेवायला सांगा, तळाशी कधीच नको.

जेल आली की उत्तर सांगायची घाई करू नका. नमुना आणि पॉझिटिव्ह कंट्रोल दोन्ही कोरे असतील तर मुलांनी मास्टर मिक्सकडे बोट दाखवावं. फक्त नमुना कोरा असेल तर मण्यांकडे. पाण्यात ६४१चा बँड दिसला, तर त्या गटाचा 'एकच बँड' हा निष्कर्ष रद्द होतो, कारण आखूड तुकडा लांब तुकड्यापेक्षा जोमाने वाढतो आणि आलेल्या अशुद्धीने ९४१चा बँड झाकोळला जाऊ शकतो. हे मुलांनी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावं. ट्यूबवर नावं नकोत, आकडे द्या, आणि कोणता आकडा कोणाचा ते शिक्षकालाही कळू देऊ नका. तास संपल्यावर उरलेला डीएनए मुलांच्या हातानेच ब्लीचमध्ये टाकायला लावा.