बागेत १६ एमएमचा पहिला शो करेपर्यंत: माझा अनुभव

बागेत पडदा लावून जुन्या प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवायचा हे डोक्यात कितीतरी वर्षं होतं, आणि पहिला शो नीट पार पडायला आठ महिने लागले. त्यातले सहा तर नुसते मशीनवर गेले. कोणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहितोय.

आधी सुपर ८ चा, म्हणजे ८ एमएम रुंदीच्या घरगुती फिल्मचा, विचार होता कारण मशीन हलकं असतं, पण त्याची फ्रेम एवढीशी की मोठ्या पडद्यावर उजेडच पुरत नाही. म्हणून १६ एमएम (हीसुद्धा फिल्मची रुंदीच) घेतला. हा फॉरमॅट कोडॅकने १९२३ साली हौशी लोकांसाठीच आणला आणि तो पहिल्यापासून सेफ्टी फिल्मवर आहे, म्हणजे जुन्या ३५ एमएमच्या नायट्रेट फिल्मसारखी भडका उडायची भीती नाही. घेताना मात्र एक बघाच, मशीन साउंडचं आहे का. साउंड फिल्मला एकाच बाजूला भोकं असतात आणि दुसऱ्या बाजूला आवाजाची पट्टी, आणि जुन्या मूक प्रोजेक्टरच्या स्प्रॉकेटला, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाला, बऱ्याचदा दोन्हीकडे दात असतात, त्यात ही फिल्म घातली की दात सरळ त्या पट्टीत घुसतात आणि रीळ कायमचं वाया जातं.

मशीन घरी आलं की लगेच प्लग लावून बघावंसं वाटतं. नका लावू. माझ्या मशीनमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि रबरी बेल्टला हात लावला तर तो बोटाला काळा चिकटला. आधी हाताने नॉब फिरवून सगळं मोकळं फिरतंय ना ते बघितलं, मग जुनं ग्रीस काढून नवीन घातलं, बेल्ट बदलला. गेटमधे, म्हणजे फिल्म जिथे लेन्समागे दाबून धरलेली असते तिथे, जुन्या फिल्मचे कडक कण बसले होते, ते लाकडी काडीने हळूहळू काढले. धातूचं काही वापरू नका, तिथे ओरखडा पडला तर पुढे प्रत्येक रिळावर उभी रेघ उमटते.

चित्र आलं, आवाज नाही. तीन आठवडे मी अँप्लिफायर तपासत बसलो आणि शेवटी निघाला काय तर एक्साइटर लॅम्प गेलेला! हा वेगळा छोटा बल्ब असतो, त्याचा उजेड आवाजाच्या पट्टीतून पलीकडच्या फोटोसेलवर (उजेडाची वीज करणारा भाग) पडतो आणि त्यातूनच आवाज तयार होतो, बल्ब गेला की बाकी सगळं ठणठणीत असूनही मशीन मुकंच. त्यामुळे आवाज नसेल तर पहिल्यांदा तो बघा.

रिळांचं थोडक्यात सांगतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ते रीळ वेगळं ठेवा, अ‍ॅसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्मचं प्लास्टिक, कुजायला लागलं की शेजारच्या रिळांनाही लागतं. आणि प्रिंट आपल्याकडे आहे म्हणजे लोकांना जाहीर दाखवायचा हक्क आपला झाला असं नसतं, परवानगी वेगळी घ्यावी लागते.

आता लूप. माझ्या मते सगळं कसब इथेच आहे. स्प्रॉकेट फिल्म सलग ओढत असतात, पण गेटमधे फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते आणि झटक्याने खाली सरकते, हा फरक सांभाळायला गेटच्या वर एक आणि खाली एक असा फिल्मचा सैल बाक, म्हणजेच लूप, ठेवायचा असतो. पहिल्या शोला पंधराव्या मिनिटाला एका खराब जोडापाशी खालचा लूप गेला. चित्र थरथरायला लागलं, तोंडं हलतायत आणि आवाज जुळेना, कारण फिल्मवर आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो आणि ते अंतर खालच्या लूपवरच टिकतं. बहीण ओरडली, "दादा बंद कर, फिल्म फाटतेय!" तिने टॉर्च धरला आणि मी अंधारात बोटांनी चाचपत फिल्म परत लावली. भोकं चिरलेली पाच-सहा इंच फिल्म नंतर कापून टाकावी लागली आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक रीळ आदल्या दिवशी सुती हातमोजा घालून बोटांमधून सरकवत तपासतो, एकेक जोड बघतो, आणि फिल्म लावल्यावर नॉबने दोन-चार फेऱ्या हाताने फिरवल्याशिवाय मोटर चालू करत नाही.

त्याच रात्री पडद्यानेही त्रास दिला. १२ फुटी पडदा बांधला होता, वारा आला की तो शिडासारखा फुगायचा आणि चित्र आउट ऑफ फोकस, शिवाय अंधुक. चित्राची रुंदी दुप्पट केली की उजेड एक चतुर्थांश उरतो, आणि माझा दिवा फक्त २५० वॉटचा. दुसऱ्या वेळी ७ फुटांवर आलो आणि उजेड जवळजवळ तिप्पट झाला, शिवाय पडदा चारी बाजूंनी चौकटीला ताणून बांधला. ५० एमएमच्या लेन्सला ७ फुटी चित्रासाठी मशीन साधारण ३६ फूट मागे लागतं, ते आधी मोजून घ्या. एवढं मागे गेल्यावर मशीनचा खडखडाटही बसलेल्यांना कमी येतो, स्पीकर मात्र पडद्यापाशीच ठेवायचा.

सूर्य मावळल्यावर लगेच सुरू करू नका, पाऊण तास तरी थांबा. वायरींची जोडणी जमिनीला टेकू द्यायची नाही, दव पडतं. लेन्सवरही पडतं, म्हणून मध्ये मध्ये कोरडं कापड फिरवावं लागतं.

दुसरा शो ४४ मिनिटांचा झाला, १६०० फुटांचं एक अख्खं रीळ, लूप एकदाही गेला नाही. संपल्यावर दिवा बंद करून पंखा तसाच चालू ठेवला, गरम दिवा लगेच हलवला तर फिलामेंट तुटते, तेवढ्या वेळात खुर्च्या गोळा करून झाल्या. पुढच्या वेळी दोन रिळांचा सिनेमा लावायचाय आणि मशीन एकच आहे, तर रीळ बदलायला चार मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत म्हणून सध्या रोज संध्याकाळी एका रद्दी फिल्मवर अंधारात सराव चाललाय.