तुम्ही विचारलेत म्हणून: आमचा फ्रिज इतका का बोलतो

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण बोलता बोलता स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारतो, "फ्रिजचा केवढा आवाज येतो हो तुमच्या! दुरुस्त का करून घेत नाही?" आजवर मी हसून विषय बदलत आले, आणि त्यामुळे माझ्याविषयी 'चिकट' असा समज पसरला आहे. तेव्हा एकदाच सविस्तर उत्तर देते.

तुम्ही ऐकता त्यातले बहुतेक आवाज बिघाडाचे नसतात. कॉम्प्रेसर चालताना घुमतो. तो थांबला की नळ्यांमधला दाब दोन्ही बाजूंना सारखा होत जातो आणि बुडबुड ऐकू येते. तापमान बदलले की आतले प्लास्टिक आकुंचन-प्रसरण पावून कडकन वाजते. आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर सुरू झाला की त्यावर पडणारे थेंब चुरचुरतात. खडखड बहुधा कॉम्प्रेसरवरच्या पाण्याच्या ट्रेची असते किंवा फ्रिज समतल नसल्याची. ट्रे नीट बसवावा, पाय फिरवून उंची जुळवावी. यासाठी कोणालाही बोलवावे लागत नाही.

माझे कान टवकारतात ते दर काही मिनिटांनी येणाऱ्या 'टक्' या आवाजाने. कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, क्षणभर कण्हतो आणि त्याला वाचवण्यासाठी बसवलेला 'ओव्हरलोड' नावाचा स्विच वीज तोडतो. दोष कॉम्प्रेसर सुरू करून देणाऱ्या रिलेचा असेल, कमी व्होल्टेजचा असेल किंवा खुद्द कॉम्प्रेसरचा. अशा वेळी मी प्लग काढते आणि मेकॅनिकला फोन करते. म्हणजे बोलावते मी, पण कशासाठी बोलवायचे ते ठरवून. "गॅस संपला असेल" हे ऐकले की मात्र माझा तोल जातो. फ्रिजमधला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे.

हे सगळे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि तरीही पुढचा प्रकार घडला. तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

फ्रीझरमधून घासल्यासारखा आवाज येऊ लागला होता आणि खालचा कप्पा थंड होईनासा झाला होता. निदान मी अचूक केले: आतल्या पंख्याची पाती साचलेल्या बर्फाला लागत होती. प्लग काढून मागचे पॅनेल उघडले, तर कॉइल, म्हणजे गॅस फिरणारी थंड नळी, बर्फात पूर्ण बुडालेली. दारे उघडी ठेवून एक दिवस थांबायचे, एवढेच काम उरले होते. तासाभराने मला धीर निघेना. हातात स्क्रू-ड्रायव्हर होताच. बर्फाचा एक तुकडा उचकटला, तो अलगद निघाला, दुसराही निघाला. तिसऱ्या वेळी टोक घसरले आणि फुस्स असा बारीक आवाज सुरू झाला. मी स्वतःला समजावले की हीटरवर थेंब पडत आहेत. प्लग माझ्या पायाशी पडलेला होता आणि हीटर गार होता, हे दिसत असूनही मी काही क्षण त्याच समजुतीला धरून बसले. इतरांना 'ही चुरचुर निरुपद्रवी असते' असे सांगणारी मी, माझ्याच वाक्याच्या आडोशाला उभी होते.

फ्रिजच्या मागच्या लेबलवर 'आर-६००ए' लिहिलेले होते, म्हणजे आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील वायू. घरगुती फ्रिजमध्ये तो फार थोडा असतो, पण बंद खोलीत ठिणगीला तेवढाही पुरतो. मी गॅसची शेगडी बंद असल्याची खात्री केली, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या एकाही बटणाला हात लावला नाही आणि बाहेर जाऊन उभी राहिले. मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी कॉइलवरच्या छिद्राकडे पाहून एवढेच विचारले, "सुरी की स्क्रू-ड्रायव्हर?" नवी कॉइल, नवा फिल्टर, व्हॅक्यूम आणि मोजून भरलेला गॅस, असे सगळे करावे लागले. म्हणजे गॅस खरोखरच गेला होता, आणि घालवला होता मीच.

"मग तेव्हाच मेकॅनिकला का नाही बोलावले?" असे तुम्ही म्हणाल, मीही त्या वेळच्या मला हेच विचारते. ती म्हणते, निदान तर बरोबर होते, चुकला तो फक्त हात. मला हे पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, कारण पाणी वाहून नेणारे बुजलेले छिद्र कोमट पाण्याने मोकळे करणे आणि फ्रिजच्या बाहेर मागे असलेल्या कॉइलवरची धूळ झाडणे ही कामे मी आजही स्वतःच करते. अंगाशी आली ती घाई की आगाऊपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बर्फ मुळात का साचला, यावरही आमचे एकमत नाही. मेकॅनिकने डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेचा, सेन्सर बदलला. माझा संशय दाराच्या रबरावर आहे, कारण खालच्या कोपऱ्यात दारात अडकवलेला कागद सहज ओढून काढता येतो. गेल्या आठवड्यापासून पंखा पुन्हा किंचित घासू लागला आहे. उद्या फ्रिज रिकामा करून दारे उघडी ठेवणार आहे, आणि स्क्रू-ड्रायव्हर शेजाऱ्यांकडे देऊन आले आहे.