गारठ्यातली जांभळी नळी

खानापुरात जानेवारीच्या सकाळी लॅबचं शटर उघडताना बोटं आखडतात. त्या दिवशी पहिली पेशंट होती अकरा वर्षांची मुलगी. जांबोटीच्या बाजूच्या एका वाडीवरून पहिल्या बसनं आईबरोबर आलेली. "पंधरा दिवस झाले बघा दादा, रात्रभर खोकायलीय. पाच दिवसांच्या गोळ्या बी झाल्या." गोळ्यांचं पाकीट पाहिलं, अमॉक्सिसिलिन. पोरगी तशी चालती-फिरती, बाकावर पाय हलवत बसली होती. खोकला मात्र कोरडा आणि थांबता थांबेना.

रक्त घेतलं, नळी हलवून ठेवली आणि बाकीचे पेशंट आटपून अर्ध्या तासानं मशीनला लावली. हिमोग्लोबिन १०.८. लाल पेशी फक्त १५ लाख. एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाटलंय त्याचं माप, ६२! हा आकडा ३६ च्या वर सहसा जातच नाही. पेशीत त्याहून जास्त हिमोग्लोबिन मावायचं कुठं? मशीन बिघडलं म्हणून कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच ठाऊक असलेला नमुना, लावून बघितला, तो बरोबर आला. दुसऱ्या पेशंटची नळी लावली, तीही बरोबर.

मग ती जांभळ्या टोपणाची नळी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. रक्त खाली ओघळलं आणि काचेला रव्यासारखे लाल दाणे चिकटून राहिले. रक्त गोठलंय असं वाटून काडी फिरवली, तर गुठळी नव्हतीच. नळी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवली. अर्ध्या तासानं काढली तेव्हा रक्त तेलासारखं नितळ वाहत होतं. लगेच मशीनला लावली: लाल पेशी ४१ लाख, एमसीएचसी ३३. तीच नळी गार ओट्यावर ठेवली, आणि माझ्या डोळ्यांसमोर दाणे परत उमटले.

अकरा वर्षांच्या नोकरीत हे मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच बघत होतो. डॉक्टरांना फोन केला. "थंडीत पेशी चिकटायल्यात, डॉक्टर. ऊब दिली की सुटतात." ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मायकोप्लाझ्मा असणार. एक्स-रेला पाठवतो. आयजीएम प्रतिपिंडांच्या तपासणीचं सँपल बेळगावला जाऊ दे." अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यांनी त्याच दिवशी सुरू केलं. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूची भिंत बांधू देत नाहीत. मायकोप्लाझ्मा या जंतूला भिंतच नसते, मग आधीच्या गोळ्या करणार काय? चार दिवसांनी बेळगावचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला.

हा जंतू आमच्या मायक्रोस्कोपखाली हाती लागत नाही. लांबी एक-दोन मायक्रॉन, आणि भिंत नसल्यानं जंतू दिसावेत म्हणून वापरतात तो ग्रॅमचा रंगही धरत नाही. पण तो चालतो! शेपटी नाही, केस नाहीत, तरी एका टोकाच्या निमुळत्या अवयवानं पृष्ठभाग धरत सरकत जातो आणि श्वासनळीच्या पेशींना बिलगतो. त्याचा एक भाऊबंद, मायकोप्लाझ्मा मोबाइल, टेंच नावाच्या माशाच्या कल्ल्यांत सापडला. तो याच्याहून कितीतरी वेगवान, सेकंदाला दोन ते साडेचार मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट. त्याला साडेचारशेच्या आसपास पाय असतात, प्रत्येक पाय मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढा. ओसाकातल्या मकोतो मियाता यांच्या गटानं त्याचं आवरण डिटर्जंटनं भोकं पाडून निकामी केलं, जंतू मेले, आणि मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घातल्यावर ती कलेवरं पुन्हा चालू लागली. ते वाचल्यावर रात्री मला झोप लागली नाही.

दोघांची चालायची यंत्रणा निराळी, पण पकड एकाच गोष्टीवर: पेशीवरच्या शर्करेच्या साखळीच्या टोकाला असलेलं सियालिक आम्ल. तशाच साखळ्या आपल्या लाल पेशींवरही असतात. जंतूविरुद्ध लढताना शरीर चुकून त्या साखळ्यांवरच प्रतिपिंडं तयार करतं असं मानतात, आणि ती गारठ्यात पेशींना एकमेकींना बांधतात. म्हणजे मी खिडकीत धरलं होतं ते त्याच्या पावलांचं ठिकाण.

तीन आठवड्यांनी मायलेकी परत आल्या. "खोकला गेला दादा. शाळेला जायलीय आता." रक्त घेतलं आणि नळी खिडकीशी नेली. काचेवर दाणे होतेच, पण बारीक, नीट बघितल्याशिवाय दिसू नयेत असे. मी वॉटर बाथचं झाकण उघडलं आणि पोरीला हाक मारली, "ये, बघ तुझं रक्त."