४५ डेसिबलचा ग्राफ आणि ठाणे-वाशी लोकल
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचं ऐकू येणं तपासते, ऐरोलीत प्रॅक्टिस करते. मध्यंतरी वर्गात लक्ष लागत नाही अशा शाळेच्या चिठ्ठीवरून एक सात वर्षांचा मुलगा आला, सोबत आई आणि दुसरीकडे केलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा ग्राफ, दोन्ही कानांत ४५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे त्याहून बारीक आवाज ऐकूच येत नाही, कानाचं मशीन लावा असा सल्ला. आई पार खचलेली. "मॅडम, आमच्या घरात कुणालाच नाही हो असं."

मी त्याच्या मागे उभं राहून अगदी हळू विचारलं, डब्यात काय आणलंस रे, तर लगेच म्हणाला थालीपीठ! तिथेच शंका आली. कानाच्या पडद्याची टेस्ट नॉर्मल, ओएई, म्हणजे आतल्या कानाचा आपोआप येणारा प्रतिसाद मोजायची टेस्ट, दोन्ही कानांत व्यवस्थित, आणि ओएई मुलाच्या मर्जीवर चालत नाही, झोपेतही होते. बटणवाली टेस्ट तशी नाही ना. बंद बूथमध्ये हेडफोन घालून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं, ५००, १०००, २०००, ४००० हर्ट्झ, एक कान झाला की दुसरा, आणि आवाज बारीक होत गेला की कंटाळलेलं पोर दाबायचं सोडून देतं. ग्राफवर तेच बहिरेपण म्हणून उमटतं.

बोलता बोलता कळलं की याला लोकलचं वेड आहे. मग बटण बाजूला ठेवलं, टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या, ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी, आणि सांगितलं तू मोटरमन, सिग्नल खूप बारीक वाजतो, वाजला की गाडी एक स्टेशन पुढे, उगाच हलवलीस तर एक मागे. पोरगं श्वास रोखून बसलं. १० डेसिबलला, म्हणजे नॉर्मल कानाला ऐकू येतो तेवढ्या बारीक आवाजाला, गाडी हलली! दुसऱ्या कानात १५. शब्द म्हणून दाखवायच्या टेस्टचा आकडाही जुळला, नसता जुळला तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजायची टेस्ट, केल्याशिवाय मी सोडलंच नसतं.

त्या जुन्या ग्राफवर मशीन बसलं असतं तर चांगल्या कानात रोज वाढवलेला आवाज गेला असता, त्याने कान खरंच खराब होऊ शकतो. म्हणून टेस्ट करणाऱ्यांना सांगते, रिपोर्टवर मुलाचे प्रतिसाद किती भरवशाचे होते ते लिहायला जागा असते, ती कोरी सोडू नका.

गोंगाटात शब्द ओळखायची टेस्ट त्या दिवशी मुद्दाम नाही केली, दमलेल्या पोराचा स्कोर बघून ऑडिटरी प्रोसेसिंगचा, म्हणजे कान ठीक पण ऐकलेलं मेंदूला नीट उलगडत नाही असा, शिक्का मारलेला मला अजिबात पटत नाही. ती सकाळच्या वेळेला ठेवलीये. आणि वर्गात लक्ष का लागत नाही ते अजून शोधायचंच आहे, आईच्या बोलण्यावरून वाचायला त्रास होतोय असं वाटलं, त्यासाठी बालविकास तज्ज्ञांकडे पाठवलंय.