पैसे घेऊन खेळणारा हॅरॉल्ड

जुन्या खेळांवर लिहिते म्हणून मला एक प्रश्न नेहमी येतो: ‘पैसा आला की खेळातला जीव जातो, असं नाही वाटत?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही वाटत, आणि त्याचं कारण शंभरेक वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा रग्बीपटू हॅरॉल्ड वॅगस्टाफ.

इंग्लंडच्या उत्तरेत रग्बी खेळणारे बरेचसे गिरण्यांत आणि खाणींत राबणारे होते. शनिवारी सकाळीही काम असायचं. सामन्यासाठी गेलं की खाडा, आणि खाड्याची मजुरी बुडाली. ती भरून द्यायची परवानगी असावी, दिवसाला फार तर सहा शिलिंग, एवढंच उत्तरेकडच्या क्लबांचं मागणं. रग्बीच्या धुरिणांनी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या रग्बी युनियनने, ते फेटाळलं. ज्यांना मजुरीची चिंताच नव्हती त्यांनी शुद्ध खेळ म्हणजे काय ते ठरवावं, याचा मला आजही राग येतो. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब वेगळे झाले. त्यातूनच पुढे रग्बी लीग हा पैसे देणारा, वेगळ्या नियमांचा खेळ उभा राहिला.

हॅरॉल्ड तिथून जवळच्या होमफर्थचा. 1906 मध्ये हडर्सफील्डने त्याला सोन्याची पाच नाणी देऊन घेतलं तेव्हा तो 15 वर्षांचा होता. त्याच वर्षी या नव्या खेळात प्रत्येक संघातले खेळाडू 15 वरून 13 झाले, मैदान मोकळं झालं, आणि सेंटरला, म्हणजे मागच्या फळीत मध्यभागी, खेळणाऱ्या, पास देण्यात तरबेज असलेल्या या पोराला जणू हवा तसा खेळ मिळाला. 1914-15 च्या हंगामात त्याच्या संघाने जिंकता येण्याजोगे चारही करंडक जिंकले.

पण मी सांगते ती गोष्ट 4 जुलै 1914 ची. सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध आठ दिवसांतली तिसरी कसोटी. बरेच खेळाडू आधीच जायबंदी होते, तारीख पुढे ढकलावी असं दौऱ्यावर आलेल्या वॅगस्टाफच्या ब्रिटिश संघाचं म्हणणं होतं. मायदेशातून तारेने हुकूम आला, खेळा. बदली खेळाडू घ्यायची सोय तेव्हा नव्हती. विंगवरचा, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणारा, फ्रँक विल्यम्स पायाच्या दुखापतीने मैदानाबाहेर गेला. डग्लस क्लार्कचा अंगठा मोडला, तरी तो बांधून खेळला; मग खांद्यालाही जबर दुखापत झाली, आणि मैदान सोडताना तो रडत होता. बिली हॉल डोक्याला मार लागून पडला. काही काळ 13 विरुद्ध 10 असा सामना चालला. कर्णधार वॅगस्टाफ, वय 23. येईल त्याला पाडत राहिला, आणि संधी दिसताच बचाव फोडून त्याने चेंडू चिक जॉन्सनकडे दिला. जॉन्सन खरं तर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला, नाइलाजाने विंगवर उभा केलेला. त्याने चेंडू पायाने ढकलत नेऊन ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले! ब्रिटिश संघ 14-6 ने जिंकला. हे सगळे पैसे घेऊन खेळणारे होते. जीव नव्हता म्हणायचं का?

पहिल्या महायुद्धात सैन्यापुरती रग्बी युनियनने लीगच्या खेळाडूंवरची बंदी उठवली. वॅगस्टाफ आणि क्लार्क लष्कराच्या एकाच संघातून युनियनच्या नियमांनी खेळले आणि त्या संघाने 26 पैकी 25 सामने जिंकले. युद्ध संपलं, दार परत बंद झालं. वॅगस्टाफ 1939 मध्ये गेला, 48 व्या वर्षी. युनियनने आपल्या खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला सुरुवात केली ती 1995 मध्ये.