राजीनामा का दिला नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत कुठेही नोकरकपात सुरू झाली की ओळखीतल्या कुणाच्या तरी वहिनीचा नाहीतर मेहुण्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न तोच: ‘तू म्हणे राजीनामा दिला नव्हतास. का? आणि आम्ही काय करायचं?’ काहींच्या आवाजात कौतुक असतं, काहींच्या आवाजात ‘उगाच वाद घातलास’ असा सूर. दोन्हींचा मला सारखाच त्रास होतो, कारण दोघांनाही ते धाडस वाटतं. त्या खोलीत मला धाडस सुचलं नव्हतं, हिशोब सुचला होता.

2023 सालची गोष्ट. त्या कंपनीत मला 11 वर्षं पूर्ण झाली होती, टेस्ट लीड, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या गटाची प्रमुख होते. कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. खोलीत एचआरची एक मुलगी, माझ्यापेक्षा बरीच लहान. स्क्रीनवर माझा मॅनेजर, कॅमेरा बंद. टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा आधीच आणून ठेवलेला. तिने मला माझ्याच लॉगिनने राजीनाम्याचं पान उघडायला लावलं. त्यात ‘कारण’ म्हणून एक रकाना होता आणि खाली यादी: वैयक्तिक कारण, उच्च शिक्षण, दुसरी नोकरी, तब्येत, स्थलांतर. मी यादी शेवटपर्यंत खाली नेली, पुन्हा वर आणली. कंपनीने कमी केलं, असा पर्याय त्यात नव्हता.

‘वैयक्तिक निवडा मॅडम, सगळे तेच करतात.’

‘माझं वैयक्तिक कारण काहीच नाहीये.’

‘सहाच्या आत सबमिट केलंत तर तीन महिन्यांचं बेसिक मिळेल. नाहीतर टर्मिनेशन जाईल, आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये ते दिसेल.’

मॅनेजर म्हणाला, ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.’ एवढंच. 11 वर्षांतली शेवटची सात वर्षं मी त्याच्या टीममध्ये काढली होती. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मी म्हटलं, ‘आत्ता जे बोललात ते सगळं मला मेलवर पाठवा. वाचते आणि उत्तर देते.’

‘मेलवर नाही पाठवता येणार.’

माझं तिथे ठरलं. जे त्यांना लिहून देता येत नाही, ते मी माझ्या नावाने का लिहून द्यायचं? मी उठले. संध्याकाळी लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस गेला.

आता हिशोब. तेव्हा 1947 चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. तोही नुसतं बेसिक नव्हे, भत्त्यांसह. 11 वर्षांचे 165 दिवस, म्हणजे साडेपाच महिने, वर नोटिशीचा एक. समोर ठेवलं होतं तीन महिन्यांचं बेसिक. तुम्ही राजीनामा दिलात की कायद्याच्या लेखी ती कपातच राहत नाही, म्हणून तर एवढी घाई असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही 15 दिवसांचं माप कायम आहे. वर पुनर्कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचा पगार आहे, पण तोही कपात झालेल्यालाच. ‘तुम्ही लीड, तुम्हाला कामगार कायदा कसला?’ असं मलाही ऐकवलं गेलं. हुद्दा काय आहे ते बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. मी स्वतः टेस्टिंग करत होते, रजा मंजूर करायचाही अधिकार मला नव्हता. हे वकिलाच्या पत्रात लिहिलं, कामगार आयुक्त कार्यालयात तक्रारीची तयारी केली, तेव्हा कुठे ‘पद कमी केल्यामुळे सेवा समाप्त’ असं पत्र आणि पैसे आले.

ग्रॅच्युइटीचं भय कुणी घालत असेल तर ऐकू नका. पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा द्या वा न द्या, ती तुमचीच आहे, 30 दिवसांत द्यावी लागते. पीएफ काढून ईएमआय भरायची घाई करू नका. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी 10 वर्षं सेवा लागते, आणि पेन्शनचे पैसे काढून घेतलेत की आधीची वर्षं पुसली जातात. ईएमआय चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा होतं, मग कुणी ऐकत नाही.

आणि सगळ्यात आधी आरोग्य विमा. हे मी फोनवर ओरडून सांगते तरी लोक विसरतात. कंपनीचं कव्हर बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. कव्हर चालू होतं तोवरच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला, म्हणून जुन्या आजाराची प्रतीक्षा मुदत (जोवर त्या आजाराचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ) पहिल्यापासून मोजावी लागली नाही. त्या आठवड्यात मी नोकरीसाठी एकही अर्ज केला नाही. घरात त्यावरून बोलणी खाल्ली, तरी आजही मी तेच आधी करेन.

आता जे फोनवर सांगत नाही ते. माझ्यासोबत त्याच दिवशी बोलावलेल्या मैत्रिणीने ‘वैयक्तिक’ निवडलं. तिला स्वच्छ रिलीव्हिंग लेटर लगेच मिळालं आणि माझ्या कितीतरी आधी ती दुसरीकडे लागली. माझं पत्र येईपर्यंत दोन ठिकाणचं बोलणं थंड पडलं. पत्रामुळेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. नाही, असंही म्हणवत नाही.

त्या वर्षीची मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, राजीनामा द्यायचाच नाही. तिला मी आज विचारते, घरात दुसरा पगार नसता तर तू थांबली असतीस का? ती उलट मलाच विचारते, ज्याच्या घरी एकच पगार आहे त्याने साडेपाच महिन्यांवर पाणी सोडायचं का? मला तिला उत्तर देता येत नाही. म्हणून फोन करणाऱ्याला मी ‘राजीनामा देऊ नकोस’ असं सांगत नाही, ‘त्या खोलीत देऊ नकोस’ एवढंच सांगते. घरी जा, पगाराच्या स्लिपा काढ, वर्षं मोज, नाइट्ससारख्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी बोल, मग ठरव.

नवरा अजून म्हणतो, त्या सहा महिन्यांच्या पगारासाठी तुझी झोप गेली. मी म्हणते, झोप तशीही गेलीच असती. यावर आमचं एकमत झालेलं नाही.