आजींचं तिकीट वजा करून

ऑगस्ट 2024 ची सुरुवात. बडोद्यात रावपुऱ्यातल्या आमच्या सहलींच्या ऑफिसात भरदुपारी अख्खं कुटुंब आलं. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, बायको शाळेत शिक्षिका, नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं, आणि आजी. पहिलीच परदेशवारी. बजेट सव्वादोन लाख, वर एक रुपया नाही. हातात एका कंपनीचं चकचकीत पत्रक: बँकॉक-पटाया, पाच रात्री, माणशी 29,999. निघायचं दिवाळीच्या पाडव्याला.

"चौघांचंच धरा ताई," ते म्हणाले. "आई नाही येत."

आजींनी लगेच मान हलवली. "मला काय करायचंय तिकडे? गुडघे दुखतात. पोरं येऊ देत फिरून."

पाच जणांचे दीड लाख होतात, म्हणजे बजेटच्या पुष्कळ आत. मग अडलं कुठे, असं विचारल्यावर त्यांनी पत्रक उलटं केलं. मागे बारीक अक्षरात दिवाळीचा अधिभार होता, माणशी 8,000. मी कोरा कागद घेतला आणि सगळं एकाखाली एक लिहीत गेले. अधिभारासकट 1,90,000. त्यावर 5 टक्के जीएसटी, साडेनऊ हजार. मग परदेशी पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच गोळा होणारा आयकर. तेव्हा 7 लाखांपर्यंत तो 5 टक्के होता, म्हणजे आणखी जवळजवळ दहा हजार. ही रक्कम रिटर्न भरताना करात वळती होते किंवा परत मिळते, पण आज ती खिशातूनच काढावी लागते. विमान स्वस्तातलं, त्यात फक्त 7 किलोची हातबॅग. मोठ्या बॅगेचे पैसे निराळे. दुपारचं जेवण पॅकेजमध्ये नाही. ग्रँड पॅलेसचं, म्हणजे बँकॉकच्या राजवाड्याचं तिकीट 500 बाथ, म्हणजे माणशी बाराशेच्या आसपास. शिवाय एक्सप्रेसवेचे 93 किलोमीटर आणि पुढे अहमदाबादच्या विमानतळापर्यंत जाण्यायेण्याची गाडी. बेरीज अडीच लाखांवर गेली.

आजींना वगळलं की ती बजेटमध्ये बसत होती. हा हिशेब घरी आधीच झाला होता, हे मला त्या दोघांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. या धंद्यात हे मी नेहमी बघते. पैसे कमी पडले की पहिलं नाव म्हाताऱ्या माणसाचं गळतं, आणि बहुतेक वेळा ते माणूस स्वतःच ते गाळतं. गुडघे हे नुसतं निमित्त असतं.

मी म्हटलं, आधी तारखा बघू. आपल्या गुजरातेत बेस्तू वरसपासून, म्हणजे पाडव्यापासून, लाभपाचमीपर्यंत बाजार बंद, त्यामुळे सगळे त्याच चार-पाच दिवसांत बाहेर पडतात आणि विमानवाले भाव चढवून बसलेले असतात. पण शाळांची सुट्टी त्या वर्षी 17 नोव्हेंबरपर्यंत होती, आणि लाभपाचम 6 नोव्हेंबरला. मधले दहा दिवस मुलांना आणि त्यांच्या आईला मोकळे. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवलं: अहमदाबादहून तेच थेट विमान, 2 नोव्हेंबरऐवजी 11 नोव्हेंबर, तिकिटामागे अकरा हजारांचा फरक.

"पण आमचा कारखाना लाभपाचमीला चालू होतो," ते म्हणाले. मग फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेले. बराच वेळ बोलत होते. आत आले ते बायकोकडे बघत. दिवाळीच्या बंदमध्ये मशिनांची देखभाल असते, त्या कामाला थांबलात तर नंतर सहा दिवस रजा देतो, असं साहेब म्हणाले होते. पाडव्याला नवरा घरी नसणार. बायकोनं एक क्षण विचार केला आणि म्हणाली, "चालेल. ओवाळणी संध्याकाळी करू."

दुसरी काट मी पटायावर मारली. येताजाता दोन-दोन तास रस्ता, त्यात बोटीनं बेटावर जाणं. दुखऱ्या गुडघ्यांना हे झेपत नाही आणि पैसेही जातात. पाचही रात्री बँकॉकमध्येच, एकाच हॉटेलात, दोन खोल्या. फिरायला मेट्रो आणि चाओ फ्राया नदीतल्या स्वस्त प्रवासी बोटी. व्हिसाचा खर्च शून्य, कारण जुलै 2024 पासून भारतीयांना थायलंडमध्ये 60 दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं.

आजी गप्प होत्या. मी त्यांना सांगितलं, राजवाड्याच्या आवारातल्या देवळाभोवती ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर 178 चित्रांत अख्खं रामायण काढलंय, त्यांच्या पद्धतीचं.

"रामायण? तिकडे?" त्या पुढे सरकल्या. "चालायला किती लागतं?"

लागतं, हे मी लपवलं नाही. आवार मोठं, ऊन कडक. पण साडेआठला उघडतं, तेव्हाच पोचायचं, आणि ओवरीला सावली असते. मग 15 नोव्हेंबरचं सांगितलं: त्या पौर्णिमेला तिथली माणसं केळीच्या सोपटाच्या होड्या करून त्यात दिवा, फुलं, उदबत्ती ठेवतात आणि नदीत सोडतात. लॉय क्राथाँग म्हणतात.

"म्हणजे त्रिपुरी पौर्णिमा," आजी म्हणाल्या. आणि त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकची थैली काढून माझ्यासमोर ठेवली. आत आधार, पॅन, निवृत्तिवेतनाचं पुस्तक, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. येणार नाही म्हणणाऱ्या बाईंनी सगळं घरून आणलं होतं. सूनबाईंचे डोळे भरून आले. मुलगा नुसताच कागदावरची बेरीज बघत राहिला.

एक अडचण निघालीच. पॅनवर आजींचं नुसतं नाव, आधारवर त्याच नावाला 'बाई' चिकटलेलं. आमच्या आज्यांच्या कागदपत्रांत हे सर्रास असतं, आणि पासपोर्टच्या खिडकीवर अर्ज तिथेच अडकतो. म्हणून आधी आधारवरचं नाव दुरुस्त करायचं, मग अर्ज, आणि पासपोर्ट हातात आल्यावरच तिकीट, असा क्रम लिहून दिला. अर्जाची फी मोठ्यांना 1,500, मुलांना 1,000, साठीपुढच्यांना 10 टक्के सूट: पाच जणांचे 6,350 रुपये.

ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला, त्याच आठवड्यात पासपोर्टची वेबसाइटही देखभालीसाठी चार-पाच दिवस बंद होती. पाचही पासपोर्ट यायला सप्टेंबरचा शेवट उजाडला. तोवर भाडं थोडं चढलं, पण पाडव्याच्या भावापासून लांबच राहिलं.

आल्यावर सगळेच भेटायला आले. सव्वादोन लाखांतले सात हजार उरले होते. जास्त गेले ते टॅक्सीत, कारण पाच माणसं तिथल्या साध्या टॅक्सीत मावत नाहीत. दोन वेळा दोन-दोन कराव्या लागल्या. राजवाड्यात आजींनी दुपारपर्यंत कोणाला हलू दिलं नाही, म्हणून मॉल राहिला, अशी मुलांची तक्रार. पुढचं श्रीलंका ठरतंय. मोठ्यांचे पासपोर्ट 2034 पर्यंत चालतील, पण मुलांचे 2029 मध्येच संपतात, आणि प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक लागते. म्हणून श्रीलंका 2028 संपायच्या आतच बसवा, असं मी सांगून ठेवलं आहे.